बंद झालेलं भजन

मोशीतल्या मोबाइलच्या दुकानात विजयश्री स्क्रीन बदलून मिळायची वाट बघत बसली होती. काउंटरवर सावित्रीबाई दुकानदार नदीमला आपला फोन दाखवत होत्या.

"आमच्या मालकांचा व्हिडिओ हाय, पर आवाज न्हाई. नुसतं तोंड हलतंय."

"मावशी, आवाज साइटवाल्यांनी बंद केलाय. एका म्युझिक कंपनीनं हक्क सांगितलाय."

"भजन घरच्या ओट्यावरचं! कंपनी टाळ वाजवाया आली व्हती व्हय?"

"त्यांचा आवाज कंपनीच्या गाण्याशी जुळतोय. थांबा, ते गाणं लावतो."

"अगं बाई! हे तर हेच हायेत."

"एआयनं बनवलंय. मागच्या महिन्यात आलंय."

"मागल्या म्हैन्यात तर त्यांचं वर्षश्राद्ध झालं, लेका."

"नेटवरच्या भजनांवरून मशीन त्यांचा आवाज शिकलं असणार."

"पर हे गाणं त्यांनी कदी म्हणलंच न्हाई."

"तेच तर. नवा कायदा करायचं चाललंय म्हणतात. आवाजसुद्धा ज्याचा त्याच्याच मालकीचा होईल. कायदा आला की तक्रार करू. तुमचं भजन परत ऐकू येईल."

"आन् हे गाणं?"

"हे कायमचं काढून टाकतील."

"पुन्यांदा लाव बरं."

नदीमनं लावलं. आवाज चढत गेला, कुठंच थांबेना. हा माणूस श्वास घेतच नाही, असं विजयश्रीला वाटलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

"मग करायची ना तक्रार, मावशी?"

"नगं. भजन म्हणताना त्यांना लई धाप लागायची. ह्यात लागत न्हाई."