गोंदियाच्या पाहुण्यांले काय सांगायचं

हॅलो? … हो ताई, मनिषच बोलून राहिलो. … बोल ना. … तुझ्या अनुपचं साक्षगंध रविवारीच ना? मग! मामाचा कोट इस्त्री होऊन तयार आहे.

काय? … आमच्या खुशबूचं काय? … नवा शब्द? तुले कायले पाहिजे? … अस्सं. गोंदियाच्या पाहुण्यांले, अनुपच्या होणाऱ्या सासरच्यांले सांगायले.

हो, हो… अवं ऐक ना. पोरगी माझी, पण तिचे शब्द मलेच पाठ राहत नाहीत. शाळेत टाकली तेव्हा शाळेच्या पाटीवर 'मतिमंद' होतं. मग मॅडम म्हणाल्या, 'विशेष गरजा असलेलं मूल' म्हणा. मग 'दिव्यांग'. आता 'बौद्धिक अक्षम'. … हो, पाटी दरवेळी नवी. मॅडम एकच, तीस पोरांमागं.

नाही, थट्टा नाही करून राहिलो. जुना शब्द मलेही टोचायचा. … पण नवा शब्द दोनेक वर्षंच स्वच्छ राहते, ताई. मग आंधळगावच्या चौकात पोट्टे त्याच शब्दानं एकमेकांले चिडवतात. मग सरकार आणखी एक शोधते.

… सगळ्यात नवा? सांगितला ना, 'बौद्धिक अक्षम'. … त्यांले समजणार नाही? … अच्छा. समजू नये म्हणूनच पाहिजे.

… पण ती दिसली की समजेलच. अनोळखी माणसाचा हात धरते आन सोडतच नाही. … काय म्हणाली? … परत म्हण. … मागच्या खोलीत बसवायचं तिले.

नाही, चिडलो नाही. … अनुपचं चांगलं व्हावं असं मलेही वाटते. … हो, एकाच दिवसाचा प्रश्न आहे. दर लग्नात एकच दिवस राहते तो.

… ती? इथंच आहे. बांगड्या घालून पाहून राहिली.

बरं, असं कर. मागच्या खोलीत तीन ताटं लाव. … खुशबूचं, तिच्या मायचं आन माझं. … माहीत आहे, नवरदेवाचा मामा समोर लागते. पाहुण्यांले सांग, मामा मागं बसले. … काहून बसले म्हणून विचारतील? मग त्याच्यासाठीही शोधू एखादा शब्द.

… हॅलो? … ताई, आहेस ना? … रडू नको. … हो. … समोर? … तिघंही? … आन पाहुण्यांनी विचारलं तर?

… 'विचारू दे' म्हणतेस? बरं. मी बसून राहीन तिच्या बाजूले. … हो. ठेवतो.