बीममधला पाइप

आम्ही मूळचे देवगडकडचे, पण माझा जन्म भांडुपचा. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसे एका सोसायटीत वॉचमन झाले आणि मला म्हणायचे, तू डिप्लोमा कर, माझ्यासारखी गेटवर नको, आत बस. मग काय, बसले आत. अंधेरीला ऑफिस, एसी, दोन मोठे स्क्रीन. आई गाववाल्यांना सांगते, माझा चेडू बिल्डिंगी बांधता. मी कुठली बांधते हो, मी कॉम्प्युटरवर उभ्या करते.

काम कसं, सांगते ना. बीम-कॉलमवाले त्यांचं पाठवतात, पाण्याचे पाइपवाले त्यांचं, आग विझवायच्या पाइपवाले त्यांचं, ते सगळं मी एकात एक बसवायचं, म्हणजे अख्खी बिल्डिंग आरपार दिसते, आणि जिथे एकाचं दुसऱ्यात घुसतं तिथे लाल होतं. भांडणं स्क्रीनवर व्हावीत, साइटवर नकोत, त्यासाठीच तर मला कामावर ठेवलंय.

तर घाटकोपरची ती बिल्डिंग. चाळ पाडून बांधतायत, चाळीतली माणसं भाड्याने कुठे कुठे पांगलेली. स्लॅब भरायचा मुहूर्त ठरलेला, नारळसुद्धा आणून ठेवलेला, आणि आगीचा पाइप सरळ बीममधून चाललेला, लालेलाल. आमचे सर म्हणाले, मीटिंगला बिल्डर येतोय, तो पाइप चित्रातून बंद कर, स्वच्छ दिसू दे, नंतर बघू. नंतर म्हणजे काय, काय सांगू तुम्हाला, भरलेल्या बीमला भोक पाडणार, ज्या सळीवर बीम तोलतो ती कापणार, वरून प्लास्टर मारणार. कोणाला दिसतंय मग.

बिल्डर आला, चित्र बघून झकास म्हणाला. बीमवाले मान हलवतायत, आगीचे पाइपवालेसुद्धा मान हलवतायत, अहो, स्वतःचा पाइप चित्रात नाही तरी. माझं डोकंच फिरलं. माउस माझ्या हातात होता, केला पाइप चालू. सगळ्यांसमोर लाल.

सर म्हणाले, तुझं घर आहे का तिथे? मी म्हटलं, नाही सर, ज्यांचं आहे त्यांना तुम्ही कुठे बोलावलंत.

स्लॅबचा मुहूर्त पुढे ढकलला, पाइप बीमखालून वळवला. आणि मला मीटिंगमधून काढलं, आता दुसऱ्या बिल्डिंगच्या पार्किंगच्या रेषा मारते. मारते, लाज कसली त्यात. आई म्हणते, गप रवाक होया होता. का म्हणून? चाळवाले येतील राहायला, सुखाने नांदू देत बिचारे, त्यांना माझं नाव कळलं नाही तरी चालेल. सरांनी मला परत मीटिंगच्या त्या खुर्चीत बसवलं तर मी परत हेच करीन, आणि त्यांना ते माहितीये, म्हणून तर बसवत नाहीत.