देव टेबलावर, गुरुजी खुर्चीवर

फिजिओथेरपीसाठी थांबलो होतो. शेजारी एक गुरुजी आणि देवळा गावच्या एक आजीबाई बसलेल्या. दोघांच्याही गुडघ्यातली फाटलेली गादी ऑपरेशन करून दुरुस्त केलेली.

"गुरुजी, मांडी घालता येते का आता?"

"अजून नाही. पण येणार, डॉक्टरांनी सांगितलंय."

"मंग तवर पूजा बंद?"

"छे. देव टेबलावर, मी खुर्चीवर."

"यजमान कुरकुरले नाय?"

"कुरकुरले ना. म्हणाले, आमच्याकडे खाली बसूनच पूजा होते. म्हटलं, तुम्ही बसा की खाली."

"बसले?"

"बसले. आरतीला दोघांनी धरून उभं केलं त्यांना. परवा त्यांचाच फोन आला, पुढच्या पूजेला आमच्याही खुर्च्या मांडू का?"

"पन तुमची मांडी जमली की पुन्हा खालीच ना?"

"माझी जमेल हो. यजमानांचं काय?"