पोळ्याच्या दिवशीची बंडी

…मंगळवार, चार सप्टेंबर एकोणीसशे छप्पन. पहाटे झिमझिम, दहानंतर कडक ऊन, वारा नाई — हे पाहा, लिहून हाये, मी काही तोंडचं सांगून नाई राह्यलो. तुम्ही तारीख विचारली म्हणून वही काढली. सरका थोडं भाऊ, बसतो — नाई, उभाच बरा. त्या दारातून कोणी निघालं तं लगेच दिसलं पाहिजे. माझी पोरगी हाये आत, मंदा. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आणली होती. तुमचं कोण? सासूबाई? डोळ्यात औषध टाकून बसवलं? मग बरं हाये, डोळ्याचं काही इतकं — म्हणजे डोळाही मोठीच गोष्ट, मी तसं नाई म्हटलं.

कशानं आलो म्हणता? बंडीनं, अन् मग ट्रकनं. मोटारगाडी कुठली आमच्याकडे! आमचं गाव जामच्या सडकेपासून आत तीन कोस. पावसाळ्यात काळी माती चाकाले अशी धरते का चाक दिसत नाई, मातीचा गोळाच फिरून राह्यला असं वाटते. बंडीनं म्हटलं खरं, पण — आज पोळा नाई का! आज बैल कोण जुंपते? काल सांजीच त्यांच्या खांद्याले हळद अन् तूप चोळलं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हटलं. आवतन दिलेल्या पाहुण्याच्या मानेवर जू ठेवते का कोणी? तुम्ही बाजारातले दुकानदार, तुमच्या तराजूले सुट्टी नसते, पण आमच्याकडे पोळ्याले बैलाच्या खांद्याले जू लागलं तं बैल जाते, नाई तं घरातलं माणूस. मी काही भोळाभाबडा नाई बरं. शाळा दुसरीतच सुटली, वाचाले माझा मीच शिकलो, एकवीस वर्षं झाली रोज लिहितो — हवा कशी, पेरणी कधी, कोण जन्मलं, कोण गेलं, किती वाजता. घड्याळ पाहून लिहितो, अंदाजानं नाई. तं एक्कावन साली आमच्या टिकारामनं पोळ्याच्या दिवशी बंडी जुंपली, अन् नवव्या दिवशी त्याचा बैल मेला. लिहून हाये. मीच चावडीवर वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून दर पोळ्याले कोणी ना कोणी म्हणते, नानाजी, ते टिकारामचं वाचा — अन् मी वाचतो. लोकाले लिहिलेलं खरं वाटते नं.

थांबा, दार वाजलं का? नाई. बादलीवाली बाई. त्या मघाच्या नर्सबाई निघाल्या तं मले सांगजा.

तं आज अकरा वाजता मंदाले दुखाले लागलं. अकरा वाजता. सखूबाई आली, आमची सुईण, गोंडांच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीत राहते, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं. तिनं पोट चाचपलं, अन् बाहेर येऊन मले म्हणे, "नानाजी, लेकरू आडवं हाये. हे माह्या हातचं काम नाई. दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." मी म्हटलं, अवो, पहिलटकरणीले वेळ लागतेच, कौशल्याले — माझ्या घरवालीले — मंदाच्या वेळेस एकोणीस घंटे लागले, लिहून हाये. तं सखूबाई काय म्हणते? "तुमच्या वहीले पोट हाये का?" घरातल्या साऱ्या बायका हसल्या. मंदाही हसली. कळा येऊन राह्यल्या अन् हसली पोरगी. मी म्हटलं, हसते म्हणजे दम हाये तिच्यात. सांजी तोरण तुटलं, पोळा फुटला का लगेच जुंपू — असा हिशेब केला मी. आंगणात झडीचं पाणी साचलं होतं, सात वाजले होते, अन् —

काऊन असं पाहून राह्यले? सात म्हटलं का मी? सात… हो. सखूबाई सातले आली. मग दुखाले अकराले कसं लागलं असं म्हणता. तुम्ही काही म्हटलं नाई, पण पाहिलं तं तसंच. तराजूवाल्याची नजर हाये तुमची.

साडेचार. पहाटे साडेचारले कौशल्यानं उठवलं मले. पाणी गेलं म्हणे पोरीचं. कंदील वर करून मी घड्याळ पाहिलं, साडेचारले दोन मिनिट कमी. घ्या. अकराले आम्ही निघालो. मधल्या साडेसहा घंट्यांत काय केलं? आता ऐकाच. डोमाजीकडे गेलो, त्याची बंडी हलकी. तो बैलाच्या शिंगाले बेगड लावून राह्यला होता. मी म्हटलं, पोरगी अडली, बैल दे. तो म्हणे, "तुमचे काऊन नाई जुंपत, नानाजी? तुमच्या गोठ्यात काय वाघ बांधले?" मग म्हणे, "तुम्हीच तं दरसाल वाचून दाखवता. माझा बैल मेला तं तुम्ही वहीत लिहाल, दुसरं काय कराल?" तिथून बाबारावकडे, तिथून देवळाजवळच्या दोघांकडे. साऱ्यांचं एकच — तुम्हीच तं वाचलं होतं. माझी जोडी घरी उभी होती भाऊ, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं, अन् मी गावभर दुसऱ्याची जोडी मागून राह्यलो होतो. हे असं मी कोणाले सांगितलं नाई अजून. तुमची ओळख नाई म्हणून सांगून राह्यलो.

शेवटी पुनाजी बोलला. माझा सालदार, सोळा वर्षं झाली, माझी नांगरटी त्याच्याच हातची. पोळ्याले त्याचाही मान असते, नवं धोतर दिलं होतं सकाळी. तो म्हणे, "मालक, बैलाले जू नाई लावत तं नका लावू. माणसाले कोनं मना केलं? माणसाचा पोळा नसते." अन् टोल्यावरून जंगलूले अन् आणखी दोघाले घेऊन आला, गवत टाकून वर गोधडी अंथरली, मंदाले निजवलं, अन् चौघं जुवाखाली शिरले. नव्या धोतरानं. सखूबाई अन् कौशल्या मागून चाकाले हात लावत. अन् मी? मी छत्री धरली. ऊन निघालं होतं नं, पोरीच्या तोंडावर येऊन राह्यलं होतं. एका हातात छत्री, एका हातात घड्याळ. पहिला नाला बारा पाचले, तिथं चाक फसलं, पाऊण घंटा गेला. जंगलू मांडीइतक्या चिखलात, पुनाजीचा खांदा सोलून लाल, अन् मी वरून सांगून राह्यलो — डाव्या अंगानं, डाव्या अंगानं! तेव्हा मंदानं डोळे उघडले. म्हणे, "बाबा, छत्री नका धरू. बंडी धरा."

धरली मग. धरली मी. पाहा हा खांदा — नाई, राहू द्या, काय पाहाचं त्यात.

जामच्या सडकेले लागता लागता तीन वाजले. सडकेवर एक ट्रक उभा, मिठाची पोती भरलेला, सरदारजी चहा पिऊन राह्यला होता. त्यानं मंदाले पाहिलं अन् कप खाली ठेवला. म्हणे, आगे बिठाओ, पर साथ में एक ही आदमी. कौशल्या चढाले लागली, एक पाय वर ठेवलाही होता तिनं. मी म्हटलं, तू थांब, दवाखान्यात लिहिणं-वाचणं असते, विचारतात, तुले सांगता येणार नाई. ती उतरली. येईल आता मागच्या मोटारनं, सखूबाईले घेऊन. सव्वाचारले पोचलो इथं. अन् डॉक्टरीणबाईंनी विचारलंच. अगदी हेच विचारलं — पाणी किती वाजता गेलं?

मी अकरा म्हटलं.

काऊन म्हटलं ते मले विचारू नका. साडेचार म्हटलं असतं तं त्या म्हणाल्या असत्या, मग अकरापर्यंत काय करून राह्यले होते? अन् मी काय सांगणार — पोळा होता? शिकलेली बाई ती. माझ्या हातात वही, खिशाले घड्याळ, अन् मी पोळा होता म्हणू? मंदा काही सांगाच्या स्थितीत नाई, मधूनमधून नुसती 'माय वो' म्हणते. तं अकरा कागदावर चढले. मले वाटलं, उशीर तं झालाच, आकड्यानं काय होते.

पण मघाशी नर्सबाई दारात कोणाशी तरी बोलून राह्यल्या होत्या. म्हणे, पाणी जाऊन फार वेळ नाही झाला, तर बाई आत हात घालून मूल फिरवून पाहणार आहेत. अन् मग म्हणे, वेळ झाला असता तं फिरवता नसतं आलं, गर्भाची पिशवी फाटते, पोट चिरावंच लागलं असतं. ऐकलं मी. तेव्हापासून उभा हाये. पंचवीस मिनिटं झाली. पाणी उकळून राह्यल्या, हात धुवून राह्यल्या असतील — अजून सुरू नसेल केलं, नाई का? तुम्हाले काय वाटते? केलं असतं तं मंदाचा आवाज आला असता. अन् केलं असेल तं आता जाऊन काय फायदा, उलट त्यांचं लक्ष — नाई. नाई, तुम्ही मान हलवू नका. मले माहीत हाये. मले साडेचारपासूनच सारं माहीत हाये.

वही धरा ही. धरा जरा.

बाई! ओ बाई — दार उघडा! मंदाचा बाप हाये मी. मी खोटं सांगितलं. पाणी अकराले नाई गेलं, पहाटे साडेचारले गेलं. साडेचार! बारा घंट्यांच्या वर झाले. फिरवू नका तिले — बाईंना सांगा, फिरवू नका —

…

नाई, आत नाई घेतलं. डॉक्टरीणबाई स्वतः दारात आल्या. हात ओले होते. मग मागं वळून म्हणाल्या, ऑपरेशनची तयारी करा. एका कागदावर माझी सही घेतली. सही नीट आली नाई, पहिल्यांदाच.

तुमच्या सासूबाईले बोलावून राह्यले पाहा. पट्टी झाली वाटते. वही द्या इकडं, जा तुम्ही. नाई, पाणी नको, चहाही नको. सोबतीची गरज नाई मले, जा, अंधार पडाच्या आत घरी पोचा, म्हातारं माणूस हाये संगं.

…

परत आले? तुमची छत्री राहिली होती का इथं. ही घ्या.

हो, झालं. सहा पस्तीसले मुलगा झाला. सहा सेहेचाळीसले गेला. मंदा जिती हाये.