अण्णांनी धरलेली जागा

आमच्या शेजारच्या अण्णांचं सांगते. रामलिंगला सहलीवाल्यांना नेणारी वाफेची छोटी गाडी बंद पडली, तेव्हा तिचं एक बाकडं त्यांनी भंगारातून आणून ओसरीत मांडलं. एका टोकाला अण्णा बसणार, उरलेल्या जागेवर त्यांचा टॉवेल. काकूंनासुद्धा बसू द्यायचे न्हाईत.

परवा त्यांच्या लेकीला बघायला मुरुमचे पाव्हणे आले. मी साखर मागायच्या निमित्तानं हजर होतेच. पोरगी बघून झाली, बोलणी करायला सगळे ओसरीत आले. मुलाचे वडील बाकड्यावर टेकणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "जागा धरलीय."

काकूंनी कपाळाला हात लावला. जमत आलेलं स्थळ आता उठून जाणार.

पाव्हण्यांनी शांतपणे विचारलं, "कुठवर धरलीय?"

"रामलिंगपर्यंत."

"मग सरका की थोडं. लग्नाची तारीख ठरली की आमी लगीच उतरतो."