दिव्यावरची चकती

...नाही हो दादा, मी एवढंच विचारतेय, वेल्डिंग मारून भागेल का? नाही भागणार. धुराचा पाइपच गंजून कुजलाय. बोट लावलं की पापुद्रे पडतायत, दिसतंय मला, वर उचललेल्या गाडीखाली तुमच्या शेजारीच उभी आहे ना मी. आणि तो पुढचा डबा, धूर साफ करणारा — तोही गेला? त्याला किती लागतील? ...काय? परत सांगा. नको, राहू दे, एकदा ऐकलं ते पुरे आहे. एवढ्यात माझा पगार... जाऊ दे, माझ्या पगाराचं नावच काढू नका, कंत्राटावर आहे मी, तो पगार नसतो, खाऊला दिलेले पैसे असतात.

गाडी बाबांची आहे. मी आज पहिल्यांदा चालवली, तीही त्यांची कंबर धरली म्हणून, नाहीतर स्टिअरिंगला हात लावू देणारा माणूस नाही तो. शेजारी बसलं तरी म्हणणार, पाय नीट ठेव, चटई सरकते. आईला मावशीकडे सोडायचं होतं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, टेकडीमागे ते आजारी माणसांना सांभाळतात ना, तिथे असते. आता कुणालाच ओळखत नाही, फक्त आईने भरवलं तर पोटभर जेवते. त्या बाजूला बस जात नाही, दर वेळी रिक्षा परवडत नाही. म्हणजे ही गाडी आहे तोवर आई जाणार, गाडी गेली की संपलं. आणि बाबांनी क्लच बदलला तेव्हाच जाहीर करून ठेवलंय, आता एक मोठा खर्च निघाला की गाडी भंगारात. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. रेघ वाकडी असली तरी हे आपले तिच्यावरूनच चालणार. आमच्याकडे मोठ्या माणसांचं असंच आहे — चुकायचं, पण ठामपणे.

हो, वास आला होता. आज आला. मी म्हटलं, आई, काच खाली घे, तर म्हणाली, नको, कानाला वारा लागतो. ती कधीच काच उघडत नाही. हिवाळा असो, उन्हाळा असो, काचा बंद, कानाला रुमाल. मावशीकडून परत आली की डोकं धरून पडते ती. बाबा म्हणतात, बहिणीला बघून येते, रडते, म्हणून दुखतं. डॉक्टर म्हणाले पित्त. चष्म्याचा नंबर बदलून झाला. आज तिला सोडून निघाले तर माझंच डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, आणि मी काही बहिणीला बघून रडले नव्हते. म्हणून दिसलं पहिलं गॅरेज आणि वळवली गाडी.

...आत येतो? म्हणजे धूर, आत? काचा बंद असल्या की आतच साठतो? एवढा सगळा रस्ता ती... बोला ना स्पष्ट. झोप लागते आणि माणूस उठत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला. नका म्हणू. कळलं मला.

इंजिनचा दिवा? नाही, दिवा नव्हता लागला. असं कसं म्हणजे — मी चालवत होते ना, स्टिअरिंगमागे काट्यांपाशी काही नव्हतं. कुठली चकती? मला वाटलं ते बटण असेल, त्यांच्या गाडीतलं काय कशाला आहे ते मला काय ठाऊक. तुम्ही नखाने काढलीत? आणि खाली पिवळा दिवा. वा. झाकून ठेवला. हे बाबाच. शंभर टक्के बाबा. ज्याला डॉक्टरने साखर कमी करा म्हटलं की डॉक्टर बदलतो, तो माणूस दिव्याला घाबरणार आहे होय! स्वतःचा हट्ट चालावा म्हणून बायकोला धुरात... थांबा, आज घरी गेले की बघतेच मी. कुठे आहे ती चकती, द्या इकडे. पुरावा म्हणून.

...ही?

ही खुर्चीची आहे. खुर्च्यांच्या पायांना खालून चिकटवतात ना, फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून. काळं जाड कापड, गोल कापलेलं. आई कापते. शिवणाच्या डब्यात ठेवते. बाबांना तो डबा कुठे असतो हेसुद्धा माहीत नाही, गेल्या महिन्यात शर्टाचं बटण तुटलं तर घरभर शोधत होते.

तिला गाडीतलं काही कळत नाही हो. एवढंच कळतं की दिवा लागला की खर्च, आणि खर्च निघाला की गाडी जाणार. बाबांना चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही, आणि गाडीत ते चष्मा लावत नाहीत, तेव्हा खपून जाईल असं... आणि मग स्वतःच शेजारी बसली. काच लावून.

एक मिनिट. त्यांचाच फोन आहे. — हं, बाबा. नाही, अजून आणायला गेले नाही, वाटेत... गॅरेजमध्ये आहे. असंच. बाबा, तो इंजिनचा दिवा... कुठली चकती? तुम्हाला... कधीपासून? बाबा, ऐका, ते तसं नाहीये, तो नुसता दिवा नाही... हो. हो, ऐकतेय. बरं.

ठेवला त्यांनी.

काय म्हणाले? म्हणाले, "ती काढली असशील तर होती तशी परत लाव. मला ठाऊक झालंय, हे तुझ्या आईला कळता कामा नये. कळलं तर ती स्वतःच जाणं सोडेल." दगडावरची रेघ म्हणत होते ना मी? त्यांनीच पुसली, कधीची, आणि कुणाला सांगितलंही नाही. दोघं एकमेकांना जपत होते हो, शेजारी शेजारी बसून. आणि धुराचं सांगायला मी तोंड उघडलं तर फोन बंद.

आता रिक्षा करून तिला आणायला गेले की ती बाहेर येऊन आधी गाडी शोधेल. काय सांगू तिला? सांगा ना. तुम्ही रोज सांगता लोकांना, गाडी गेली म्हणून.

...नाही. असू दे. चावी तुमच्याकडे ठेवा, या गाडीत आता कुणी बसायचं नाही. मी परत येऊन मागितली, रडले, भांडले, तरी देऊ नका. आणि तो दिवा बंद करा आधी.