नकाशाची खालची पट्टी

"हॅलो?… हॅलो, प्रणाली?… हो, येऊन राहिला आवाज. बोल माय."

बाळापूरच्या किसनरावांनी झेंडूची टोपली पायानं बाजूला सारली आणि ते ओट्यावर टेकले. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि एकुलती लेक नॉर्वेत. रविवारचा हा फोन सोडला तर त्यांच्याशी मुद्दाम बोलणारं कोणी नव्हतं, आणि हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

"जेवलो ना… भाकर, वांग्याची भाजी… हो, म्याच केली… अवं ऐक ना, आधी माह्यं ऐक. घोटाळा झाला. भावनाचं मोडलं."

"तुह्या आत्याची भावना, दुसरी कोन?… मूर्तिजापूरचं पोरगं, नोकरी रत्नागिरीले, तिथंच घर घेतलं त्यानं… नाई, पोरगं चांगलं हाये. भावनाले पसंत हाये, रडून राहिली ती… तुह्या नकाशापायी मोडलं."

"हो, तुह्याच. तू नाई का धाडला होता, बर्फ वितळला का समुद्र कुठवर येते तो? लाल लाल… तो म्या अकोल्याहून फ्रेम करून आनला. तुह्या आईच्या फोटोबाजूले लावला… हासून काहून राहिली?"

कोणीही घरी आलं की किसनराव आधी पाणी देत आणि मग त्याला फ्रेमपाशी नेत. लेकीविषयी बोलायला तेवढंच निमित्त. लोकांना वाटे, पोरगी बर्फावर तंबू ठोकून बसली असेल. ती खोलीत बसून कॉम्प्युटरवर अंटार्क्टिकाच्या बर्फाचा हिशोब मांडते, तो किती सरकेल, किती वितळेल, समुद्र किती चढेल ते काढते, हे सांगताना किसनरावांची छाती फुगायची. परवा भावनाच्या सोयरिकीची बैठक मामाचं घर म्हणून इथेच बसली, आणि बसली ती नेमकी फ्रेमखाली.

"मंग काय, पोराकडच्या एकानं विचारलं, हे लाल काय हाये जी? म्या सांगितलं… झालं. तुही आत्या सत्यवती उठून पाह्यते तर रत्नागिरी लालीत. म्हने, मी माही पोरगी पान्यात नाई लोटत… कोनतं साल? नाई, साल नाई लिहेल… खाली? थांब, पाह्यतो…"

ते आत गेले, चष्मा लावला आणि नाक काचेला टेकवलं. नकाशा जिथे संपत होता तिथून थेट सोनेरी लाकूड सुरू होत होतं. फ्रेमवाल्यानं लग्नाचे फोटो कापतात तशी खालची पट्टी कापून टाकली होती.

"कापलं वाटते त्यानं. काय लिहेल होतं?… सन तेवीसशे? म्हनजे पावनेतीनशे वर्सानं?… आनि तेबी सगळ्यात वाईट झालं तर… बाप्पा."

"मंग या शंभर वर्सात किती, ते सांग… गुडघा ते कंबर? अवं, गुडघा का कंबर, एक काईतरी सांग ना… नाई सांगता येत. बरं बरं, चिडू नको. बर्फच सांगत नाई तर तू काय करशीन… घर? पोरगा म्हनत होता, बंदरावरून घरी जायले चढ लागते, दम भरते… मंग त्या घराले काई नाई होत? नक्की?… सांगतो आजच सत्यवतीले."

किसनरावांच्या मनावरचं ओझं उतरलं. भावनाचं जुळावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, पण त्यात त्यांचा स्वतःचाही लोभ होता. तिच्या लग्नात करवली म्हणून उभी राहायला प्रणाली येणार होती. दिवाळीत तिनं तसा शब्द दिला होता.

"मंग मे महिन्यात लग्न. येशीन ना?… हॅलो?… हो, आयकून राहिलो, बोल… ते पीएचडीनंतरचं, पोस्टडॉकचं काम एप्रिलमधी संपते? मंग तर मोकळीच… नाई भेटलं दुसरं? मुलाखती मेमधी… आनि काम नसतानी निघाली तर व्हिसा जाते, परत नाई जाता येत… हो… हो, समजलं."

"मले काय होते? येते-जाते मानूस इथं. फुलं तोडायले बाया असतात… अवं, रडून काहून राहिली?… कोनीच नाई तिथं? दोन-दोन दिवस कोनाशीच नाई बोलत?… मंग मले लावत जाय ना फोन. रविवारच कायले पाह्यजे? मी घरीच असतो."

आणि तेवढ्यात त्यांना एक युक्ती सुचली. सुचली तशी त्यांनी ती बोलून टाकली.

"ऐक… मी सत्यवतीले सांगतो, पोरीचा हिशोब अजून चालू हाये, दिवाळीपर्यंत थांबा. थांबतीन ते. तुह्यं नाव घेतलं का सगळे ऐकतात… तवर तू मोकळी होशीन… काय?… हो, भावना रडून राहिली, म्याच म्हटलं… हो, खोटं होईन… नाई, तुह्या नावानं खोटं नाई सांगत. नाई सांगत म्हटलं ना… हॅलो?… प्रणाली?… हॅलो?"

लाइन कटली होती. त्यांनी दोनदा फोन लावून पाहिला, लागला नाही. मग त्यांनी बहिणीला फोन लावला.

"हॅलो? सत्यवती… प्रणालीशी बोललो. घर चढावर हाये, काई होत नाई त्याले. त्या लोकाईले आजच कळव, हात जोड, मानतीन ते… हो, मेमधीच. थांबायचं काई काम नाई… हो, तिनंच सांगितलं… ती?… नाई येत… हो, म्हटलं होतं तिनं… तू असं कर सत्यवती, करवली दुसरी पाह्य."